उतिआचं पपनस

कासिमिरच्या मते इंजिन बंद पडायला दोनच कारणं असतात. एक तर तेल पोचत नाही, नाहीतर हवा. बाकी सगळ्या लोकांच्या कल्पना. गावाचा जनरेटर तो सोळा वर्षं सांभाळत होता आणि एवढ्या काळात तिसरं कारण त्याला सापडलं नव्हतं. हिवा ओआ बेटाच्या दक्षिण किनाऱ्यावर कुणाचंही काही बिघडलं, की लोक त्याच्या दारात उभे राहत. तो डोकं तिरपं करून ऐकायचा, दोनातलं एक कारण सांगायचा, आणि बहुतेक वेळा ते बरोबर निघायचं.

त्यामुळे अकरा महिन्यांपूर्वी त्याचा मुलगा उतिआ मोटरबोट घेऊन मासे मारायला गेला आणि परत आला नाही, तेव्हा धक्क्यावर जमलेल्या लोकांना कासिमिर हेच सांगत होता. तेल, नाहीतर हवा. दुरुस्त करून येईल. पोरगा एकवीस वर्षांचा, समुद्र निवांत, इंजिन त्याने स्वतःच्या हाताने उघडून बसवलेलं. ताहितीहून विमान आलं आणि आठ दिवस घिरट्या घालून गेलं. फळकूट सापडलं नाही, चप्पल सापडली नाही. नवव्या दिवसापासून कासिमिरने तेलाहवेचं नाव काढलं नाही, आणि दुसऱ्या कुणी काढलं तर तो उठून जायचा.

वर्ष भरत आलं तसे फादर घरी आले. टोपी हातात धरून ओट्यावर बसले, दिलेली कॉफी प्यायले आणि म्हणाले, "हेईपुआ, आता मिस्साचा दिवस ठरवू या का?"

"कुणाच्या मिस्साचा?" कासिमिरची बायको आतूनच म्हणाली. ती नीरफणस कुटत होती आणि हात थांबला नव्हता.

"असं काय करतेस? उतिआच्या."

"मेलेल्या माणसाचा मिस्सा करतात, फादर. हा मेलाय हे मला अजून कुणी सांगितलेलं नाही. आधी मी त्याचं झाड बघणार. झाड वाळलं असेल तर तुम्ही खुशाल घंटा वाजवा, मी पहिल्या बाकावर बसेन. आणि उभं असेल तर परत या घरात मिस्साचं नाव काढायचं नाही. मी वाट बघणार. मरेपर्यंत बघावी लागली तरी बघणार."

फादर दुसऱ्याच बेटावरचे होते, पण त्यांनाही यात समजावून सांगण्यासारखं काही नव्हतं. बाळाची वार मातीत पुरायची आणि तिच्यावर झाड लावायचं, हे त्या बेटांवर दात घासण्याइतकं साधं काम. माणूस आणि झाड एकमेकांची खबर ठेवतात असं बायका मानत. पुरुष त्यावर हसत, पण आपलं झाड कोणतं ते प्रत्येक पुरुषाला ठाऊक असे.

उतिआचं झाड हानातोकोच्या खोऱ्यात होतं. बेटाच्या उत्तरेला, जिथे रस्ता जात नाही आणि आता माणूसही राहत नाही. कासिमिर आणि हेईपुआ हे तिथलं शेवटचं कुटुंब. उतिआ शाळेच्या वयाचा झाला तेव्हा तेही दार ओढून निघाले होते.

अडचण एवढीच होती, की त्या झाडाखाली काही नव्हतं. ती वार मातीत गेलीच नव्हती, समुद्रात गेली होती. हे जगात एकट्या कासिमिरला माहीत होतं आणि बावीस वर्षांत त्याने ते कुणाला सांगितलं नव्हतं. पहिली एकवीस वर्षं त्याला त्याचं काही वाटलंही नव्हतं.

गेल्या अकरा महिन्यांत मात्र त्याला दुसरं काही सुचलं नव्हतं.

*

रेने तीस वर्षांपूर्वी शिडाची होडी घेऊन एकटाच जग फिरायला निघाला होता. या बेटांवर तीन आठवडे थांबायचं त्याच्या मनात होतं. अजून इथेच होता. होडीही तीच, 'मारी-लू', नऊ मीटरची, रंग उडालेली. वर्षातले सहा महिने तो या बेटावरून त्या बेटावर भटकायचा, खोऱ्याखोऱ्यांत शिरून फळं गोळा करायचा आणि त्याचा मुरांबा करून अर्ध्या गावाला वाटायचा.

"हानातोको?" तो म्हणाला. "अरे, तिथल्या पपनसांसाठी मी नरकातसुद्धा होडी घालेन. उद्या निघू."

"फळांसाठी नाही जायचंय," कासिमिर म्हणाला.

"माहीत आहे रे बाबा." रेनेने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "माहीत आहे. पण पोतं मी बरोबर घेणार."

पूर्वेच्या टोकाला वळसा घालून जायचं म्हणजे वारा नाकावर. दोन दिवस गेले. हेईपुआ डोलकाठीला पाठ लावून बसून होती. जाताना तिने एक पांढरा झगा घातला होता, रविवारचा. कासिमिरने दोनदा तिच्या शेजारी जाऊन बसून बघितलं. सांगून टाकू, असं ठरवूनच तो बसायचा. तोंड उघडायचा आणि म्हणायचा, "पाणी हवंय का?" दुसऱ्या वेळी ती म्हणाली, "आत्ताच तर दिलंस." मग तो उठून इंजिनाकडे गेला. इंजिनाला काही झालं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी कड्यांच्या पलीकडून वास आला. खोरं अजून दिसतही नव्हतं. आंबे, केळी, लिंबाचा मोहर, पेरू, सगळं एकदम.

"जून महिना आहे," रेने नाक वर करून म्हणाला. "इथे आंबे डिसेंबरात येतात, जूनमध्ये कुठून आले?"

"बघितलंस?" हेईपुआ उठून उभी राहिली होती. दोन दिवसांत तिचा चेहरा पहिल्यांदा हलला. "बघितलंस कासिमिर?"

त्याने काही बघितलं नव्हतं. खाडीत शिरल्यावर त्याने नांगर सोडला.

*

किनाऱ्यावर उतरल्यावर खोऱ्याला हाक द्यायची असते. आपण कोण, कुणाची मुलं, कशाला आलो ते मोठ्याने सांगायचं आणि मग आत पाऊल टाकायचं. मालक हजर असो वा नसो, झाडाला हात लावण्याआधी विचारायचं. परदेशी होडीवाले हे करत नाहीत. त्यांना खोरं रिकामं दिसतं आणि फळं रानातली वाटतात. रेने इतकी वर्षं राहूनही ते करत नसे, कासिमिर ते लाजत लाजत करे.

दगडांवर उभं राहून त्याने आपलं नाव सांगितलं, बापाचं सांगितलं, बायकोचं सांगितलं. "आमच्या मुलाचं झाड बघायला आलोय," तो ओरडला.

हानातोकोचे कडे उंच आणि समोरासमोर आहेत. तिथे साधं खोकलं तरी आवाज दोनदा परत येतो. उतिआ लहान असताना तासन्‌तास त्या कड्यांशी भांडायचा. कासिमिरने कान देऊन वाट बघितली. हाक आत गेली आणि परत आली नाही.

"झाडी वाढलीय," रेने म्हणाला. "पानं आवाज खातात."

शक्य होतं. कासिमिरने मान डोलावली आणि सवयीने पायाच्या घोट्यावर चापट मारली. तिथे काही नव्हतं. मग त्याच्या लक्षात आलं, की किनाऱ्यावर उतरून पाव तास झाला आणि एकही नोनो चावलेला नाही. नोनो म्हणजे डोळ्याला जेमतेम दिसणारी माशी. त्या खोऱ्यात राहणाऱ्या माणसांचे पाय तिच्यामुळे जन्मभर फोडांनी भरलेले असत. हानातोकोत नोनो नाही, हे त्याने कधी ऐकलंही नव्हतं.

"देव पावला," रेने उघड्या पोटऱ्या चोळत म्हणाला.

कासिमिरला पावल्यासारखं वाटलं नाही.

ओढ्याच्या काठाने ते वर निघाले. हेईपुआ पुढे, जवळजवळ धावत. दोन्ही बाजूंना फळंच फळं. आंब्याच्या फांद्या जमिनीला टेकलेल्या, केळीचे घड पिवळे होऊन वाकलेले, नीरफणस बुंध्यापासून शेंड्यापर्यंत लगडलेले. रेने लहान मुलासारखा हसत सुटला होता. एक आंबा तोडून त्याने तिथेच चोखला आणि मिशा पुसत म्हणाला, "मध आहे, मध." मग पोतं उघडून भरायला बसला.

"तू भर," कासिमिर म्हणाला. "आम्ही वर जाऊन येतो."

पण तो लगेच निघाला नाही. इंजिनाचा आवाज थोडा जरी चुकला तरी त्याला आधी पोटात कळायचं, डोक्यात नंतर. तसंच आताही होत होतं. त्याने जमीन बघितली. एवढी फळं, पण खाली एकही पडलेलं नाही. कुजलेलं नाही, पक्ष्याने चोच मारलेलं नाही, उंदराने कुरतडलेलं नाही. रानडुकरांनी उकरलेलं नाही. आणि माशी नाही, पिकलेल्या फळावर एकही माशी नाही.

मग त्याला खोडांवरची रेघ दिसली.

प्रत्येक खोडावर छातीच्या उंचीला एक पांढरट रेघ होती, बोटभर रुंद. त्याने नखाने खरवडलं आणि जिभेला लावलं. मीठ होतं.

"पूर आला असेल," रेने पोत्यातून मान वर न करता म्हणाला.

"पूर डोंगरावरून येतो. तो मीठ कुठून आणेल?"

"मग समुद्राची लाट आली असेल मोठी. सोळा वर्षांत कोण बघायला होतं इथे?"

हेही शक्य होतं. कासिमिर ती रेघ बघत वर चालत राहिला. पाणी कितीही चढलं तरी त्याची पातळी सपाट असते. खालच्या झाडाला छातीपर्यंत आलं, तर शंभर पावलं चढल्यावर गुडघ्यापर्यंत यायला हवं, आणि पुढे दिसायलाच नको. पण ओढा वळला, चढ लागला, जुन्या घरांचे दगडी चौथरे एकामागून एक मागे पडले, आणि रेघ प्रत्येक झाडाला छातीपाशीच होती. पाणी खोऱ्यात भरलं नव्हतं. खोऱ्यातून चालत वर गेलं होतं.

चौथऱ्यांच्या दगडांवर बारीक शिंपल्या चिकटल्या होत्या. खडकाला धक्क्यापाशी चिकटतात तशाच, जिवंत, घट्ट मिटलेल्या. समुद्र तिथून पाऊण तासाच्या चढाखाली होता.

त्याने हेईपुआला ते दाखवलं नाही.

*

झाड उभं होतं.

ते लावलं तेव्हा कासिमिरच्या गुडघ्याएवढं होतं, घर सोडलं तेव्हा पन्हाळीला लागत होतं. आता त्याने अख्खं अंगण झाकलं होतं. घराचं छप्पर पडून गेलेलं, चौथरा तेवढा उरलेला, आणि त्यावर ते पपनसाचं झाड फळांनी इतकं भरलेलं, की पानांपेक्षा फळं जास्त दिसत होती. माणसाच्या डोक्याएवढी एकेक.

हेईपुआने खोडाला मिठी मारली. गाल सालीवर घासत ती हसत होती आणि रडत होती. "सोन्या माझ्या," ती म्हणत होती. "माझ्या राजा. कुठे आहेस रे? खातोस ना नीट?" मग तिने एक फळ तोडलं, दातांनी साल फोडली आणि रस हनुवटीवरून ओघळेपर्यंत खाल्लं. अर्धं तिने कासिमिरच्या हातात कोंबलं.

त्याने एक फोड तोंडात टाकली. समुद्राचं पाणी होतं ते. गर नावाला, आत नुसतं खारं, थंड पाणी. तो बाजूला वळून थुंकला.

"गोड आहे ना?" हेईपुआ म्हणाली. "इतकं गोड कधीच नव्हतं."

"हेईपुआ."

"मी इथेच राहते. तू रेनेबरोबर जा, माझे कपडे आणि कोयता घेऊन ये. छप्पर घालायला किती दिवस लागतील? तो येईल तेव्हा आधी इथेच येईल. माणूस आपल्या झाडाकडेच येतो."

तिने चौथऱ्यावरचा पाला हाताने झाडायला सुरुवात केली. छप्पन्न वर्षांची बाई, रविवारच्या झग्यात, ओणवी होऊन मेलेल्या घराचा केर काढत होती. ही इथे अशीच बसून राहील आणि अशीच संपेल, हे कासिमिरला लख्ख दिसलं. त्याच्या एका खोट्यावर बसून.

"त्याच्याखाली काही नाही," तो म्हणाला.

"कशाच्या खाली?"

"झाडाच्या. मी वार पुरली नव्हती. नुसतंच रोप लावलं होतं."

ती ओणवीच राहिली.

"त्या दिवशी पाऊस होता," कासिमिर म्हणाला. एकदा तोंड उघडल्यावर त्याला थांबता येईना. "तुझ्या आईने किनाऱ्यावरच्या तिच्या घरी ती पानात गुंडाळून दिली. ओढा भरून वाहत होता, मला वर येता येईना. आणि खाली जहाजाने भोंगा दिला. खोबऱ्याची पोती किनाऱ्यावर तशीच, आणि त्या लाटांत जहाज किती थांबणार? म्हटलं, आधी पोती चढवू, मग पुरू. ती मी खडकावर ठेवली. पोतं खांद्यावर घेतलं आणि लाट आली. मी बघितली, हेईपुआ. ती पाण्यावर हलत होती, हातभर अंतरावर. हात पुढे केला असता तर मिळाली असती. पण खांद्यावर पोतं होतं. भिजलं असतं. म्हणून मी हात पुढे केला नाही."

तिने हातातला पाला खाली टाकला.

"खोटं बोलतोस," ती अखेर म्हणाली. आवाज अगदी साधा होता. "मला घरी न्यायचंय म्हणून बोलतोस."

आणि खोडाजवळ बसून ती हातांनी माती उकरायला लागली.

त्याने तिला अडवलं नाही. माती काळी, भुसभुशीत होती. वीतभर गेल्यावर मुळं लागली. ती मुळं बाजूला सारत खाली खाली गेली, कोपरापर्यंत. पान नाही, चिंधी नाही, काळपट डागसुद्धा नाही. मग काळी माती संपली आणि वाळू लागली. पांढरी, ओली, समुद्राची.

"इथे वाळू कुठून?" ती म्हणाली.

खड्ड्याच्या तळाशी पाणी जमायला लागलं.

कासिमिर गुडघ्यांवर बसला. झरा असेल, त्याचं डोकं म्हणालं. पाणी स्वच्छ होतं आणि हळूहळू चढत होतं. चार बोटं चढलं, थांबलं, दोन बोटं उतरलं. पुन्हा चार चढलं. त्याने मनात मोजलं. किनाऱ्यावरच्या लाटेची होती तीच लय. त्याने बोट बुडवून चाटलं नाही. गरज नव्हती.

हेईपुआने हात घातला. तिचा हात खांद्यापर्यंत आत गेला, एवढा खड्डा तिने खणलाच नव्हता. गाल मातीला टेकवून, डोळे मिटून ती आत चाचपत राहिली. फळांनी भरलेल्या त्या खोऱ्यात एक पान हलत नव्हतं.

"काही नाही," ती म्हणाली. "नुसतं पाणी." तिने हात बाहेर काढला आणि नवऱ्याकडे बघितलं. "तू घाल."

"हेईपुआ, चल आता."

"तू दिलास तो समुद्राला. मागायचा तर तूच मागायला हवास. घाल हात."

त्याने बाही वर केली आणि हात घातला.

पाणी गार होतं. तळ लागला नाही. लाट चढली, उतरली. त्याने बोटं पसरली. काही नव्हतं. पुन्हा लाट चढली.

आणि त्याचं मनगट कुणीतरी धरलं.

तळहात नाही, मनगट. नावेत चढवून घेताना धरतात तसं. ओला तळहात निसटतो म्हणून मनगटाला मनगट धरायचं, हे कासिमिरनेच शिकवलं होतं, चार वर्षांच्या पोराला, खालच्याच किनाऱ्यावर. पकड घट्ट होती. अंगठा नाडीवर होता. धरणाऱ्याला दम लागला होता, हे त्या हातातून कळत होतं. आता कासिमिरने आपली बोटं मिटून त्याचं मनगट धरायचं होतं आणि ओढायचं होतं. एवढंच बाकी होतं.

त्याने हात हिसडला.

हिसडला, वळवला, दुसऱ्या हाताने खोडाला रेटा दिला आणि सोडवून घेतला. विचार करून नाही. भीतीने.

तो मागे पडला होता. हेईपुआ त्याच्या तोंडाकडे बघत होती, ओठ उघडे ठेवून. अकरा महिन्यांत तिने असं बघितलं नव्हतं.

"काय?" ती म्हणाली. "कासिमिर, काय लागलं?"

खड्ड्यातलं पाणी उतरत होतं. ते या वेळी पुन्हा चढलं नाही. वाळूने ते चोखून घेतलं, आणि पाहता पाहता तिथे नुसता खड्डा राहिला. हातभर खोल, मुळांनी भरलेला.

"काही नाही," तो म्हणाला. "मूळ होतं. हात अडकला."

*

रेने पोतं ओढत वर आला तेव्हा दोघं चौथऱ्यावर बसली होती. त्याने झाड बघितलं, खड्डा बघितला, हेईपुआचे मातीने माखलेले हात बघितले, आणि पहिल्यांदाच त्याला विनोद सुचला नाही. उतरताना हेईपुआ कासिमिरच्या दंडाला धरून चालली. तिने मागे वळून बघितलं नाही. कासिमिरने तीन वेळा बघितलं.

होडीवर ती शांत होती. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती आपण होऊन त्याच्या शेजारी येऊन बसली.

"माझा राग गेलेला नाही," ती म्हणाली. "तो जाणारही नाही. पण सांगितलंस हे बरं केलंस. आणि हात घालून बघितलास. तू काही आहे म्हणाला असतास ना, तर मी तिथून उठले नसते. तुझ्यावर विश्वास ठेवूनच बसले असते."

"हो," कासिमिर म्हणाला.

"एवढं मोठं खरं सांगितल्यावर माणूस पुन्हा खोटं कशाला बोलेल?" तिने डोळे पुसले. "आता फादरना सांगू या."

त्या वेळीसुद्धा होडी वळवता आली असती. वारा मंद होता, हानातोको अजून एका दिवसाच्या आत होतं. तो सुकाणूकडे बघत बसून राहिला. पलीकडे रेनेने पोत्याचं तोंड सोडलं, आत बघितलं, आणि जरा वेळाने गाठ मारून अख्खं पोतं तसंच समुद्रात सोडलं. काय होतं ते त्याने सांगितलं नाही, कासिमिरने विचारलं नाही.

परत आल्यावर त्याने जनरेटरचं काम सुरू केलं. दिवस नेहमीसारखे जात होते. ग्रीस लागलेले हात तो चिंध्यांना पुसायचा, घमेल्यात बुडवायचा नाही. अंघोळ वाहत्या नळाखाली उभ्याने. समुद्राकडे पाठ करून जेवायचा. झोपेत त्याचा उजवा हात मिटायचा आणि उघडायचा, असं हेईपुआने एकदा सांगितलं. तेल नाही आणि हवाही नाही, हे त्याला माहीत होतं.

मिस्साच्या दिवशी सगळं गाव आलं. बायकांनी पांढऱ्या फुलांचे हार केले होते. हेईपुआने तोच झगा घातला होता, धुऊन, इस्त्री करून. दारातच तिला बायकांनी मिठ्या मारल्या आणि ती मोकळेपणाने रडली. वर्षभरात ती अशी रडली नव्हती. लोकांना बरं वाटलं.

मग सगळे रांगेने आत जायला लागले. चर्चच्या दाराशी, भिंतीत बसवलेल्या मोठ्या शिंपल्यात पवित्र पाणी होतं. हेईपुआने बोटं बुडवली, कपाळाला आणि छातीला लावून क्रुसाची खूण केली आणि त्याच्यासाठी थांबली.

पाणी चार बोटंही खोल नव्हतं. शिंपल्याचा पांढरा तळ दिसत होता. कासिमिरने बोटांची टोकं बुडवली.

खालून दुसऱ्या बोटांची टोकं येऊन त्यांना टेकली. मऊ, फार दिवस पाण्यात राहून सुरकुतलेली. या वेळी त्यांनी धरलं नाही. नुसती टेकून राहिली.

मागे लोक खोळंबले होते.

"चल ना," हेईपुआ हळूच म्हणाली.

त्याने हात काढून घेतला आणि क्रुसाची खूण केली.